वरणाचं पाणी

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मी एका बाईला फार देखणा डाएट चार्ट लिहून दिला होता. सकाळी साडेसातला कपभर दूध, दहाला मोसमी फळ, दुपारी दोन पोळ्या, वाटीभर घट्ट वरण, पालेभाजी, कोशिंबीर, चारला शेंगदाणे आणि गूळ, रात्री पुन्हा तसंच. कॅलरी, प्रथिनं, लोह, सगळ्याची बेरीज बरोबर जुळवलेली. कॉलेजातल्या आमच्या बाईंनी दहापैकी नऊ दिले असते. समोर बसलेली बाई पाच महिन्यांची गरोदर, हिमोग्लोबिन सात. अमरावती जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यातली ही गोष्ट. तिने माझं वाचून दाखवणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, कागदाची घडी घातली आणि म्हणाली, "मॅडम, हे सारं घरी असतं तं मी इतं कायले आली असती?"

ती भांडत नव्हती. तिला खरोखरच उत्तर हवं होतं, आणि ते माझ्याकडे नव्हतं. मी "बरं, जेवढं जमेल तेवढं करा" असं काहीतरी पुटपुटले आणि पुढचा केसपेपर ओढला.

पुढची वीसेक वर्षं याच भागात काढल्यावर एक लक्षात आलं आहे. सार्वजनिक आरोग्यात नव्याने येणाऱ्या आहारतज्ज्ञाला दोन तयार उत्तरं आयती मिळतात. पहिलं, "आईला कळतच नाही हो." दुसरं, "गरिबी आहे, आपण काय करणार." पहिलं बैठकीत चालतं, दुसरं चहाच्या टपरीवर. दिसायला ही एकमेकांच्या विरोधातली, पण दोघांचं काम एकच: आपल्याला मोकळं करणं. आईला कळत नसेल तर आपण सांगून मोकळे, आणि गरिबी असेल तर न सांगताच मोकळे. माझ्या मते ही दोन्ही उत्तरं तोंडातून जायला जितकी वर्षं लागतात, तितकी आपली खरी उमेदवारी. पदविकेनंतरच्या इंटर्नशिपचं प्रमाणपत्र त्यात धरायचं नाही.

आम्हाला शिकवलेलं खोटं नसतं. पण ते बहुतेक खाटेवरच्या माणसाबद्दल असतं. मूत्रपिंडाच्या रुग्णाला पोटॅशियम किती, नळीतून द्यायचं अन्न किती पातळ, मधुमेह्याच्या ताटात भात किती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७चे अन्नघटकांचे तक्ते आहेत, ५२८ पदार्थांचे. सोन्यासारखं काम आहे ते, माझी प्रत हळदीचे डाग पडून पिवळी झाली आहे. ज्वारीच्या दाण्यात काय आहे ते तिथे मिळतं. ती भाकर घरात कोणी थापली, किती वाजता, पहिली कोणाच्या ताटात पडली आणि शेवटची उरली का, हे मात्र आपल्यालाच जाऊन विचारावं लागतं. तेही असं की समोरच्या बाईला चौकशी चाललीय असं वाटू नये. "काल दिवसभरात काय काय खाल्लं?" हा आमचा ठरलेला प्रश्न. उत्तरही ठरलेलं: "खाल्लं नं सारंच." मग "भाकर केवढी, हातानं दाखवा बरं" म्हटलं की हात पुढे येतो, तळव्यावर एक अदमासाचा गोल निघतो, आणि तो गोल काढताना बाई पहिल्यांदा स्वतःच्या जेवणाकडे बघते. अर्धीच होती, हे तिलाही तेव्हाच कळतं.

खाटेवरच्या ज्ञानाला मी कमी लेखत नाही. पोषण पुनर्वसन केंद्रात, म्हणजे सगळे ज्याला एनआरसी म्हणतात तिथे, ते ज्ञान नसेल तर पोर हातचं जातं. दंडाला पट्टी लावली आणि ती लाल भागात थांबली, म्हणजे दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत, की सहा महिने ते पाच वर्षांचं ते मूल तीव्र कुपोषित, कर्मचाऱ्यांच्या बोलीत 'सॅम'. त्याच्या पायावर अंगठा दाबून खळगा पडतो का बघायचं, भूक लागते का याची चाचणी घ्यायची. आणि मग नवख्या माणसाच्या मनाविरुद्ध जाणारी पहिली गोष्ट: इतक्या उपाशी मुलाला पोटभर द्यायचं नाही. एफ-७५ नावाचं पातळ दूध द्यायचं, १०० मिलिलिटरमध्ये ७५ कॅलरी, दर दोन तासांनी, मोजून, रात्रीसुद्धा. आपल्याकडे ते केंद्राच्या स्वयंपाकघरातच करतात. दूध, साखर, थोडं तेल आणि मुरमुऱ्यांची पूड मिक्सरमधून फिरवायची, उकळलेल्या पाण्याने मापापर्यंत आणायचं. आईला वाटतं, ही मॅडम पोराला उपाशी मारते. आजी पदराखालून बिस्किट देते. कारण सांगावं लागतं: आटलेल्या शरीराचं हृदय, मूत्रपिंड सगळं मंदावलेलं असतं, एकदम ओझं टाकलं तर ते कोसळतं. लोहाचं औषधही लगेच नाही. मूल सावरलं, भूक उघडली, की मग एफ-१००, मग घरचं अन्न, मग लोह. वजन पंधरा टक्के वाढलं की सुट्टी.

मुरमुऱ्याची पूड नीट बारीक झाली नाही तर वाटीच्या तळाशी बसते. चमच्याने ढवळत ढवळत पाजावं लागतं. माझा पहिला पावसाळा ही पूड चाळण्यात गेला. ते मला हलकं काम वाटायचं, हे आज सांगायला लाज वाटते.

पण या सगळ्या काटेकोर शास्त्राची गाठ चौदा दिवसांशी असते. मुक्कामात आईला बुडीत मजुरी मिळते, जेवण मिळतं. तरी आठव्या-नवव्या दिवशी सकाळी खाट रिकामी दिसते. रजिस्टरमध्ये 'पळून गेली' असं लिहायची पद्धत आहे. तुरुंगातून पळाल्यासारखं. मी एकदा अशा एका बाईच्या मागे गावात गेले, मोठ्या तावातावाने. घरी दोन वर्षांनी मोठी पोरगी तापाने फणफणलेली, नवरा वीटभट्टीवर, म्हातारीला दिसत नाही. तिने चुलीपुढचं पोतं माझ्यासाठी अंथरलं आणि चहा टाकला. दूध नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या रजिस्टरात 'घरी गेली' असं लिहिलं जातं आणि पुढे कारण. कारणांचा तो रकाना छापील नमुन्यात नाही, मी पट्टीने आखून घेतला.

आमच्याच जिल्ह्यातल्या मेळघाटचं नाव कुपोषणाशी चिकटलं ते १९९३ पासून. धारणी, चिखलदऱ्यातल्या बालमृत्यूंच्या बातम्या मुंबईपर्यंत गेल्या, कार्यकर्त्या शीला बारसे उच्च न्यायालयात गेल्या, मंत्र्यांचे ताफे सेमाडोहच्या घाटातून वर चढले. तेव्हापासून योजना किती आल्या ते मोजायला एक वेगळा माणूस लागेल. सगळ्या वाया गेल्या असं म्हणण्याची फॅशन आहे, ती मला मान्य नाही. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ मिशन औरंगाबादेतून सुरू झालं आणि दोन वर्षांखालच्या मुलांवर, गर्भारपणावर, अंगणवाडीच्या वजनकाट्यावर भर दिला गेला. राज्यात दोन वर्षांखालच्या खुज्या मुलांचं प्रमाण २००५-०६ मध्ये शेकडा ३९ होतं, ते २०१२च्या पाहणीत २३ वर आलं. म्हणजे हलतं. आणि थांबतंही: २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं खुजी आणि २५ टक्क्यांहून जास्त उंचीच्या मानाने हडकुळी निघाली. हडकुळेपणात महाराष्ट्र देशाच्या सरासरीच्या पुढे. आपण ज्या राज्याला पुढारलेलं म्हणतो, तेच हे.

मेळघाटात जी माणसं टिकली, त्यांच्याकडे बघितलं तर एक गोष्ट सारखी दिसते. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे राहिले, २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गोळ्या देता देता ते शेतीकडे वळले, कारण न्यूमोनियामागे रिकामं पोट आणि रिकाम्या पोटामागे कोरडवाहू शेत दिसत होतं. धारणीजवळ उतावलीला डॉ. आशिष सातव यांच्या 'महान' संस्थेने गावातलीच बाई निवडून, तिला शिकवून, घरातल्या घरात नवजात बाळ आणि कुपोषित मूल बघायला लावलं. त्याच्या मागे गडचिरोलीच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या घरोघरच्या नवजात सेवेचा धडा होता. उंबऱ्याच्या आत गेल्याशिवाय भागत नाही, हे या सगळ्या डॉक्टरांना कळलं. आहारतज्ज्ञाची खुर्ची मात्र आपण अजून वॉर्डातच ठेवली आहे. जिचा विषयच स्वयंपाकघर, ती सोडून बाकी सगळे स्वयंपाकघरात जाऊन आले!

इथे हमखास येणारी हरकत मी अनेकदा ऐकली आहे. पैसा, वेळ, शेती, रस्ता, हेच सगळं खरं कारण असेल तर आहारतज्ज्ञ कशाला हवी? रोजगार हमीचा अधिकारी पुरे. प्रश्न चोख आहे. त्याचं उत्तर मला वरणाच्या पाण्यात सापडलं.

वऱ्हाडात काय, मेळघाटात काय, सहा-सात महिन्यांच्या बाळाला आई वरणाचं पाणी पाजते. वरण निवतं, डाळ तळाशी बसते, वरचं पिवळं पाणी वाटीत काढून बाळाला. ते पचायला हलकं, असं तिला तिच्या आईने, सासूने आणि कधीकधी शहरातल्या डॉक्टरनेही सांगितलेलं असतं. त्या पाण्यात मीठ आहे, हळद आहे, रंग आहे, डाळ नाही. बाळाचं पोट एवढंसं, एका वेळेला किलोमागे तीस मिलिलिटर मावतं. आठ किलोच्या पोरात पावशेर. ते पावशेर पाण्याने भरलं की पोर गप्प होतं, ढेकर देतं, आई निश्चिंत होते. महिना गेला तरी काटा हलत नाही. आता हीच आई त्याच भांड्यातलं तळाचं वरण घेते, त्यात भाकरीचा मऊ भाग कुस्करते, वरून चमचाभर तेल सोडते, एवढाच बदल. एका चमचा तेलात पंचेचाळीस कॅलरी. घरात नवीन काहीच आलं नाही, चूल दुसऱ्यांदा पेटली नाही, फक्त पळी वर फिरायची ती खाली गेली.

हे ज्ञान आहे, आणि ते आईकडे नव्हतं. तेव्हा "आईला कळत नाही" हे वाक्य सरसकट खोटं नाही. पण हे ज्ञान उपयोगाचं कुठे ठरतं बघा. डाळ भांड्यात होती म्हणून ठरलं. भांडंच रिकामं असतं तर माझं पळीचं ज्ञान म्हणजे वरणाचं पाणीच होतं. म्हणून नव्या मुलींना माझं सांगणं असतं की आधी उतरंड बघा. घरात काय आहे, किती दिवसांचं आहे, बाईच्या दिवसात मोकळी अशी वीस मिनिटं कुठे आहेत. सल्ला त्या वीस मिनिटांत बसत असेल तरच द्यायचा. बसत नसेल तर तो गिळायचा आणि त्या घरासाठी रेशनकार्ड, पाळणाघर, अंगणवाडीचं गरम जेवण, जे मागावं लागेल ते मागायचं. आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ पासून आहे. ताट अंगणवाडीत मिळतं. पण कामाला गेलेली बाई दुपारी अंगणवाडीत कशी पोचेल, हा आहारशास्त्राचा प्रश्न नाही असं मी मानत नाही.

वेळेचा हिशेब कापसाच्या हंगामात सर्वांत उघडा पडतो. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, कुठेही दिवाळीनंतर जा. वेचणीची मजुरी किलोवर. जितका कापूस ओटीत तितके पैसे. पाजायला बांधावर गेलेली बाई पंधरा मिनिटं गमावते, आणि त्या पंधरा मिनिटांची किंमत तिला संध्याकाळी काट्यावर दिसते. मी लिहिलेला एक चार्ट मला वर्षभराने एका घरात कुडाला खोचलेला सापडला. फार आनंद झाला. काढून बघितलं तर पाठकोऱ्या बाजूवर शाळकरी अक्षरात तारखा आणि पुढे किलो: कधी २२, कधी ३१, एका दिवशी नुसती रेघ. त्या रेघेच्या दिवशी पोरगं आजारी होतं. माझ्या बाजूला आठ वेळांचा आहार आणि मागे महिनाभराची कमाई. दोन्ही हिशेब एकाच कागदावर होते आणि एकमेकांना ओळखतही नव्हते.

वऱ्हाडाच्या ताटाबद्दल बोलताना ज्वारीचे गोडवे गाणं सोपं असतं. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, तेव्हा तर भाषणांना ऊत आला होता. "भाकर खा" म्हणणारा कोणी ज्वारी पेरायला तयार आहे का? खरिपाची ज्वारी कणसात आली की ऑक्टोबरचा पाऊस गाठतो आणि दाणा काळा पडतो. त्यातून वाचली तर पाखरं, पाखरांतून वाचली तर रानडुकरं. बैलं विकली गेली तशी कडब्याची गरजही गेली. सोयाबीन लवकर निघतं, रोख देतं. मग ज्वारी गेली, तिच्याबरोबर ओळीत पेरलेले मूग, उडीद, बरबटी, बांधावरची अंबाडीही पातळ झाली. रेशनवर गहू आणि तांदूळ मिळतो. सोयाबीनच्या दाण्यात शेकडा चाळीसच्या आसपास प्रथिनं असतात. ती तेल गाळून पेंड होऊन कोंबड्यांकडे जातात. अकोला डाळ मिलांचं गाव, तुरीचा बाजार मोठा. तूर निघाली की देणी फेडायला विकायची आणि उन्हाळ्यात तीच डाळ किराणा दुकानातून पावशेर-पावशेर आणायची. या जिल्ह्यात उभं राहून "आहारात डाळींचा समावेश करा" असं म्हणताना जीभ जरा अडखळायला हवी.

आणि मग खारपाणपट्टा. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी अकोला, अमरावती, बुलढाण्यातली शेकडो गावं खाऱ्या भूजलावर वसली आहेत. रक्तदाब वाढलेल्या एका आजोबांना मी नेहमीप्रमाणे सांगितलं, "मीठ कमी करा, लोणचं-पापड बंद." ते हसले. म्हणाले, "बाई, मीठ तं आमच्या हिरीतच हाये. ते कसं कमी करू?" त्यांच्या सुनेने पुढची गोष्ट सांगितली. या पाण्यात डाळ शिजत नाही, तासभर खळखळली तरी दाणा टणक, म्हणून चिमूट-दोन चिमूट खाण्याचा सोडा घालावा लागतो. म्हणजे विहिरीचं सोडियम, वरून सोड्याचं सोडियम, आणि सोड्याने डाळीतलं बी-१ जीवनसत्त्व जातं ते वेगळंच. मी वरच्या मिठाच्या चमच्यावर बोट ठेवत होते, आणि खरी भानगड पातेल्यात शिजत होती. त्या घरासाठी आम्ही एवढंच ठरवलं: पिण्याचं म्हणून कॅनमधलं पाणी येतं, त्यातलंच दोन तांबे डाळीला काढायचे, डाळ रात्री त्यातच भिजवायची. सोडा बंद झाला. चार्ट लिहावा लागला नाही. पण कॅन विकत घेण्याची ऐपत नसलेल्या शेजारच्या घरासाठी माझ्याकडे तेव्हाही काही नव्हतं, आजही नाही. नळयोजनेचं पाणी रोज येणं, हेच तिथलं आहारविषयक मार्गदर्शन.

तरुण मुलींनी हे काम का करावं, असं मला कोणी विचारलं तर मी गोड बोलत नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या जागा करारावरच्या, अकरा महिन्यांच्या, आणि मार्च आला की फाइल कुठे अडकली ते विचारत फिरायचं. २०२१च्या कायद्याने आहारतज्ज्ञाला आरोग्य व्यावसायिक म्हणून मान्यता दिली, पण त्याने पगार वेळेवर होत नाही. बरोबरची मैत्रीण पुण्यात वजन कमी करून देते आणि तिच्या एका ग्राहकाच्या महिन्याच्या फीमध्ये इथे काय होतं ते मी सांगत बसत नाही. शिवाय करार अकरा महिन्यांचा आणि मूल पहिल्या हजार दिवसांचं, हा मेळ कोणी घातला कोण जाणे. ज्या बाईचं गर्भारपण तुम्ही पाहिलं, तिच्या बाळाच्या पहिल्या घासापर्यंत तुम्ही त्या खुर्चीत असालच असं नाही. ओळख होते, भाषा जमते, कोरकू आदिवासींच्या भाषेतले चार शब्द तोंडात बसतात, आणि बदली किंवा बंद. माझी खरी तक्रार पगारापेक्षाही याबद्दल आहे.

बाकी सवयीने जमतं. गेल्या फाल्गुनात धारणीकडे नव्यानेच रुजू झालेल्या एका मुलीचा फोन आला. होळी तोंडावर होती. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण. परतवाड्याच्या संत्राबागांत, अकोल्या-अमरावतीच्या बांधकामांवर, भट्ट्यांवर गेलेली कुटुंबं त्या आठवड्यात घरी येतात. ती वैतागली होती. "मॅडम, समुपदेशनाला एक माणूस फिरकला नाही. सगळे बाजारात गेलेत. आजचा रकाना काय भरू?" मी म्हटलं, तूही बाजारात जा. वही घे, सल्ला कोणाला देऊ नकोस, फक्त पिशव्या बघ. ती जरा नाराजीनेच गेली असावी.

संध्याकाळी तिने वहीच्या पानांचे फोटो पाठवले. नवे कपडे, पोरांना बांगड्या-फुगे, गूळ, तेलाची पिशवी, कांदे, मिरच्या, कुठे कोंबडा, बिस्किटाचे पुडे. सहा पानं होती. शेवटच्या पानावर खाली तिरक्या अक्षरात तिने माझ्यासाठी लिहिलं होतं: "मॅडम, सुकट जवळजवळ प्रत्येक पिशवीत आहे. आपल्या चार्टात सुकट कुठेच नाही."